बेंटली आणि पिस्टनची लांब धाव

ऑक्टोबर १९१९. लंडनच्या बेकर स्ट्रीटजवळ न्यू स्ट्रीट म्यूज नावाची एक गल्ली होती. एकेकाळी तिथे घोड्यांच्या पागा होत्या. तिथल्या एका छोट्या कारखान्यात चारपाच माणसे एका नव्या इंजिनाभोवती उभी होती. महिनोन् महिने कागदावर असलेले ते इंजिन त्या दिवशी पहिल्यांदा सुरू झाले, आणि आवाज दाबणारी कसलीच सोय नसल्याने सारी गल्ली दणाणली. शेजारच्या घरातून एक परिचारिका धावत आली. आत एक रुग्ण शेवटच्या घटका मोजतो आहे, हा गोंगाट थांबवा, असे तिने विनवले, अशी आठवण सांगितली जाते. इंजिनाभोवतीच्या माणसांना मात्र जन्माचा आवाज ऐकू येत होता. त्यांच्यात मधोमध उभा असलेला एकतीस वर्षांचा, मितभाषी, घट्ट बांध्याचा गृहस्थ म्हणजे वॉल्टर ओवेन बेंटली. जग त्यांना डब्ल्यू. ओ. या दोन अक्षरांनीच ओळखते.

त्या इंजिनाला चार सिलिंडर होते. प्रत्येकाचा व्यास ८० मिलिमीटर आणि त्यात पिस्टनची वरपासून खालपर्यंतची धाव १४९ मिलिमीटर. म्हणजे व्यासाच्या जवळजवळ दुप्पट. आजच्या कुठल्याही मेकॅनिकला हे आकडे सांगितले, तर तो चक्रावून जाईल. हल्लीच्या गाड्यांत व्यास आणि धाव बहुधा जवळपास सारखीच असतात. मग एवढी लांब धाव बेंटलींनी का निवडली, त्यातून त्यांना काय मिळाले आणि कशाची किंमत मोजावी लागली, हे पाहू गेले तर त्यांचे सारे आयुष्यच उलगडत जाते.

इंजिनाच्या भाषेशी ज्यांचा परिचय नाही, त्यांनी आपल्या घरातले पायाने चालवायचे शिवणयंत्र डोळ्यांसमोर आणावे. पाय नुसता खालीवर होतो, तरी चाक गरगर फिरते. कारण पायडलपासून निघालेली दांडी चाकाच्या मध्यापासून थोड्या अंतरावर जोडलेली असते. मोटारीच्या इंजिनात पायडलच्या जागी पिस्टन, दांडीच्या जागी कनेक्टिंग रॉड आणि चाकाच्या जागी क्रँकशाफ्ट. सिलिंडरचा व्यास म्हणजे बोअर, पिस्टनची धाव म्हणजे स्ट्रोक. क्रँकची खुंटी मध्यापासून जितकी लांब, त्याच्या दुप्पट स्ट्रोक. या तीन मापांचा मेळ कसा घालायचा, हा वेगवान इंजिन बांधणाऱ्या प्रत्येकापुढचा पहिला प्रश्न असतो.

बेंटलींना हा प्रश्न भेटला तो मोटारीत नव्हे, रेल्वेत. १६ सप्टेंबर १८८८ रोजी लंडनमधल्या एका सुखवस्तू कुटुंबात, नऊ भावंडांतले शेंडेफळ म्हणून त्यांचा जन्म झाला. मुलाला आगगाडीच्या इंजिनांचे वेड. सोळाव्या वर्षी शाळा सोडून ते डॉनकॅस्टरला ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारीला लागले. पाच वर्षे त्यांनी ओतकाम, जोडकाम, दुरुस्ती सारे हाताने केले आणि शेवटी एक्स्प्रेस गाड्यांच्या इंजिनांवर फायरमन म्हणून टनावारी कोळसाही भट्टीत लोटला. तिथल्या इंजिनांचा स्ट्रोक दोन फुटांचा. हातभर जाडीचे पोलादी रॉड माणसापेक्षा उंच चाकांना संथपणे, न थकता ढकलत आहेत, हे दृश्य त्यांनी रोज पाहिले. माझ्या मते बेंटलींच्या प्रत्येक मोटारीत हे रेल्वेचे इंजिन कुठेतरी दडलेले आहे. भक्कम बांधावे, सावकाश फिरवावे आणि रात्रंदिवस चालू द्यावे, ही त्यांची वृत्ती डॉनकॅस्टरची आहे.

रेल्वेत पगार आणि बढती दोन्ही तोकडी, म्हणून १९१० मध्ये ते तिथून बाहेर पडले. काही काळ लंडनच्या एका टॅक्सी कंपनीत अडीचशे टॅक्सींची देखभाल केली आणि १९१२ मध्ये भावासह डीएफपी या फ्रेंच मोटारींची एजन्सी घेतली. ही दोन लिटरची साधी, प्रामाणिक गाडी. व्यास ७० आणि स्ट्रोक १३० मिलिमीटर. ती शर्यतीत पळवायची तर इंजिनाचे फेरे वाढवायला हवेत. पण फेरे वाढवले की पिस्टन तडकत.

इथे थोडा हिशेब मांडायला हवा. पिस्टन प्रत्येक फेरीत दोनदा थांबतो, एकदा माथ्यावर आणि एकदा तळाशी. प्रत्येक वेळी त्याला थांबवून उलट फिरवण्याचे काम कनेक्टिंग रॉडला करावे लागते. बेंटलींच्या त्या १४९ मिलिमीटरच्या इंजिनाचेच उदाहरण घ्या. मिनिटाला ३,५०० फेऱ्यांवर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे १७ मीटर होतो, आणि माथ्यावरून परतताना त्याच्यावरचे प्रवेग-बल गुरुत्वाकर्षणाच्या हजारपटीहून जास्त असते. म्हणजे अर्धा किलोचा पिस्टन त्या क्षणी रॉडला पाचशे किलोहून जड लागतो. मिनिटाला साडेतीन हजार वेळा! स्ट्रोक वाढवला की हा भार वाढतो. फेरे वाढवले तर तो वर्गाच्या पटीत वाढतो. त्या काळचे पिस्टन होते बिडाचे, जड आणि उष्णता धरून ठेवणारे.

१९१३ मध्ये बेंटली पॅरिसजवळच्या डीएफपीच्या कारखान्यात गेले असताना एका टेबलावर त्यांना कागदांवर ठेवायचे एक वजन दिसले. पिस्टनच्या आकाराचे, ॲल्युमिनियमचे शोभेचे खेळणे. त्यांच्या डोक्यात वीज चमकली. अठ्ठ्याऐंशी टक्के ॲल्युमिनियम आणि बारा टक्के तांबे अशा मिश्रधातूचे पिस्टन त्यांनी करवून घेतले. हा धातू इंजिनात वितळेल, ही जाणत्यांची भीती खोटी ठरली. त्या छोट्या डीएफपीने ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर ताशी नव्वद मैलांच्या आसपास वेग गाठला. लांब स्ट्रोक आणि जास्त फेरे हे एकत्र नांदू शकतात, अट एवढीच की पिस्टन हलका हवा. हा धडा त्यांना पुढे आयुष्यभर पुरला.

पहिले महायुद्ध सुरू होताच हे गुपित त्यांनी स्वतःजवळ ठेवले नाही. आरमाराच्या विमानदळात अधिकारी म्हणून दाखल होऊन ते रोल्स-रॉईस आणि सनबीमच्या तंत्रज्ञांना जाऊन भेटले आणि ॲल्युमिनियमच्या पिस्टनची माहिती दिली. रोल्स-रॉईसने ती घेतली. पंधरा वर्षांनी याच कंपनीशी त्यांचा कसा संबंध आला, ते पुढे येईलच. त्यानंतर त्यांच्याकडे काम आले क्लर्जे या फ्रेंच विमान-इंजिनाचे. हे रोटरी पद्धतीचे इंजिन. क्रँकशाफ्ट स्थिर आणि नऊ सिलिंडरांचा सारा घोळका पंख्याबरोबर गरगर फिरणारा. ते तापून निकामी होई आणि वैमानिक हकनाक जीव गमावत. बेंटलींनी सिलिंडर ॲल्युमिनियमचे केले, आत बिडाचे अस्तर दिले, व्यास १२० मिलिमीटरच ठेवला आणि स्ट्रोक १६० वरून १७० केला.

हे दहा मिलिमीटर ऐकायला क्षुल्लक वाटतात. पण इंजिन बांधणाऱ्याला विचारा. क्रँकच्या मध्यापासून सिलिंडरच्या माथ्यापर्यंतच्या उंचीत तीन गोष्टी बसवायच्या असतात. निम्मा स्ट्रोक, रॉडची लांबी आणि पिस्टनच्या खिळीपासून त्याच्या डोक्यापर्यंतचे अंतर. स्ट्रोक दहाने वाढला की खुंटी पाच मिलिमीटर वर चढते. ते पाच कुठून तरी काढावे लागतात. रॉड आखूड केला तर तो फिरताना जास्त तिरका होतो, पिस्टनला सिलिंडरच्या भिंतीवर दाबतो, घर्षण आणि झीज वाढवतो. पिस्टनची खिळी वर सरकवली तर ती कड्यांच्या खाचांना भिडते. दोन्ही नको असेल तर सिलिंडर उंच करा, म्हणजे वजन वाढवा. फुकट काहीच मिळत नाही. बेंटलींचे बीआर-१ इंजिन सॉपविथ कॅमल विमानांत बसले, त्यामागून मोठे बीआर-२ आले, आणि वैमानिकांना इंजिनावर विसंबता येऊ लागले. युद्धानंतर सरकारने त्यांना आठ हजार पौंडांचे इनाम दिले. १९१९ हे साल मात्र त्यांना दुसऱ्याही अर्थाने लक्षात राहिले. पत्नी लेओनी त्या वर्षी फ्लूच्या साथीत गेली. लग्नाला जेमतेम पाच वर्षे झाली होती.

त्याच वर्षी बेंटली मोटर्सची स्थापना झाली. फ्रँक बर्जेस आणि हॅरी व्हार्ली या दोघा आरेखकांना घेऊन त्यांनी तीन लिटरचे ते इंजिन आखले. लांब स्ट्रोक ही काही त्यांची एकट्याची लहर नव्हती. १९१२ ची विजेती प्यूजो ११० बाय २०० होती आणि १९१४ ची मर्सिडीज ९३ बाय १६५. पण इंग्लंडमध्ये या फॅशनला सरकारी कराचे खतपाणी मिळाले. तिथे मोटारीवरचा कर हॉर्सपॉवरवर होता आणि हॉर्सपॉवर मोजायची ती फक्त सिलिंडरच्या व्यासावरून! इंचांतल्या व्यासाचा वर्ग, गुणिले सिलिंडरांची संख्या, भागिले अडीच. स्ट्रोकचा हिशेबात पत्ताच नाही. १९२१ पासून प्रत्येक हॉर्सपॉवरला वर्षाला एक पौंड असा दर लागू झाला. बेंटलींच्या गाडीची कागदावरची ताकद होती १५.९ आणि प्रत्यक्षातली सुमारे ७०. मालकाने सोळा पौंड भरावेत आणि चौपट घोडे उधळावेत. कायदा करणाऱ्यांनी इंजिनाचा आकार कसा बिघडवला, याचे इतके नमुनेदार उदाहरण शोधून सापडायचे नाही. ही पद्धत थेट दुसऱ्या महायुद्धानंतर रद्द झाली आणि तोवर इंग्लंडच्या गाड्या अरुंद, उंच इंजिनांच्याच राहिल्या.

जाता जाता एका समजाबद्दल. लांब स्ट्रोक म्हणजे जास्त ओढ, असे गॅरेजमध्ये हमखास ऐकू येते आणि दाखला दिला जातो तो जुन्या ३५० सीसी बुलेटचा, जिचा व्यास ७० आणि स्ट्रोक ९० होता. क्रँक लांब म्हणजे तरफ लांब, म्हणजे जोर जास्त, असा हा तर्क. पण तेवढ्याच सीसीत स्ट्रोक वाढवला की व्यास घटतो, आणि ज्यावर स्फोटाचा दाब पडतो ते पिस्टनचे डोके लहान होते. एका हाताने मिळाले ते दुसऱ्या हाताने गेले. ओढ मुख्यतः येते इंजिनाच्या एकूण आकारमानातून आणि त्यात किती हवा भरते त्यावरून. लांब स्ट्रोकचे इंजिन फार फेरे घेऊ शकत नाही, म्हणून त्याचे व्हॉल्व्ह आणि कॅम कमी फेऱ्यांसाठीच जुळवलेले असतात. ती शांत ओढ तिथून येते. अरुंद सिलिंडरच्या डोक्यावर व्हॉल्व्हना जागा पुरत नाही, ही दुसरी अडचण. बेंटलींनी तिच्यावर प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह देऊन मात केली. १९१९ मध्ये विक्रीच्या गाडीसाठी ही चैन होती.

तीन लिटरच्या गाड्या गिऱ्हाइकांच्या हाती पडू लागल्या १९२१ मध्ये. १९२३ मध्ये फ्रान्समधल्या ल मान्स गावी चोवीस तासांची शर्यत पहिल्यांदा भरली. गाड्यांचे असे हाल करणे डब्ल्यू. ओ. यांना शुद्ध वेडेपणा वाटला. जॉन डफ नावाचा एक गिऱ्हाईक स्वतःची बेंटली घेऊन निघाला, तेव्हा हे ऐनवेळी पाहायला गेले. दगड लागून टाकी फुटली, सोबतच्या क्लेमंटने सायकलवरून पेट्रोल नेले, तरी गाडी चौथी आली. हे डब्ल्यू. ओ. यांनी पाहिले आणि मत बदलले. रात्रभर न थकता धावणारी गाडी, हीच तर त्यांची वस्तू होती! १९२४ ची शर्यत बेंटलीने जिंकली. १९२७ मध्ये अंधारात एका वळणावर तिन्ही बेंटली गाड्या एकमेकींवर आदळल्या. त्यातली एक गाडी वाकलेली सांगाडी आणि फुटका दिवा घेऊन पुढे पळत राहिली आणि दुसऱ्या दिवशी पहिली आली. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलातल्या मेजवानीला ती चेपलेली गाडीच प्रमुख पाहुणी होती.

दरम्यान गिऱ्हाइके मोठी, जड बॉडी बसवू लागली होती आणि तीन लिटर अपुरे पडू लागले होते. बेंटलींनी सहा सिलिंडरचे इंजिन आखले. व्यास तोच ८०, स्ट्रोक १४०. ओळख लपवण्यासाठी ‘द सन’ हे टोपणनाव देऊन ही कुरूप चाचणी-गाडी ते फ्रान्समध्ये फिरवत होते. एका तिठ्यावर तशीच एक अनोळखी गाडी समोर आली. चालवणाऱ्यांनी एकमेकांना ओळखले. समोरची होती रोल्स-रॉईसची नवी, गुप्त गाडी. कोणी काही बोलले नाही, पण दोन्ही गाड्या मैलोन् मैल शेजारी शेजारी पळाल्या आणि कोणीच कोणाला मागे टाकू शकले नाही. शेवटी रोल्सवाल्याची टोपी उडाली तेव्हा ती शर्यत थांबली. बरोबरीने बेंटलींचे समाधान झाले नाही. घरी परतल्यावर त्यांनी स्ट्रोकला हात न लावता व्यास ८० वरून १०० केला. सव्वाचार लिटरचे इंजिन साडेसहा लिटरचे झाले.

पुढची सगळी मोठी बेंटली इंजिने या १४० मिलिमीटरच्या स्ट्रोकवर उभी आहेत. १०० व्यासाचे चार सिलिंडर म्हणजे साडेचार लिटर, सहा सिलिंडर म्हणजे साडेसहा, आणि ११० व्यासाचे सहा म्हणजे आठ लिटर. साडेतीन हजार फेऱ्यांवर या स्ट्रोकचा पिस्टन सेकंदाला सुमारे सोळा मीटरने धावतो. ही त्यांना माहीत असलेली, पारखलेली सीमा. ती न ओलांडता ताकद वाढवायची असेल, तर सिलिंडर रुंद करायचा. सरकारी कर वाढतो, वाढू दे. ही गाडी घेणारा कराची फिकीर करणारा नव्हताच. साडेसहा लिटरमध्ये वरचा कॅमशाफ्ट फिरवायला त्यांनी साखळी किंवा दातेरी चाके न वापरता तीन बारीक रॉड लावले, आगगाडीच्या चाकांना जोडणाऱ्या रॉडसारखे. डॉनकॅस्टर पुन्हा डोकावले ते असे. या गाड्या म्हणजे जगातले सर्वांत वेगवान ट्रक आहेत, अशी एटोरे बुगाटी यांची कोपरखळी प्रसिद्ध आहे. तीत तथ्य नव्हते असे नाही. पण १९२९ मध्ये ल मान्सला पहिले चारही क्रमांक त्या ट्रकनीच पटकावले.

याच सुमारास त्यांच्या स्वतःच्या घरात बंड झाले. हेन्री ऊर्फ टिम बर्किन हा त्यांचा निधड्या छातीचा ड्रायव्हर. व्यास वाढवत बसण्यापेक्षा साडेचार लिटरमध्येच सुपरचार्जरने हवा कोंबून ताकद वाढवावी, असा त्याचा हट्ट होता. बेंटलींना हा प्रकार मूळ रचनेशी बेइमानी वाटे. ज्या रॉडना आणि बेअरिंगना एका दाबासाठी आखले, त्यांच्यावर दुप्पट दाब लादायचा? ताकद कागदावर दिसेल, चोवीस तासांनी दिसणार नाही. पण कंपनी तोवर त्यांची राहिली नव्हती. पैशाच्या ओढगस्तीमुळे १९२६ मध्ये किंबर्लीच्या हिऱ्यांच्या श्रीमंतीचा वारस वूल्फ बार्नाटो मालक झाला होता. हा स्वतःही पट्टीचा शर्यतपटू होता. त्याने बर्किनला होकार दिला आणि डोरोथी पॅजेट या धनाढ्य तरुणीने पैसा पुरवला. १९३० च्या ल मान्समध्ये बर्किनने कॅराचिओलाच्या मर्सिडीजला दोन चाके गवतावर घालून मागे टाकले. ते साहस आजही चित्रांतून दिसते. पण सुपरचार्जरवाल्या दोन्ही बेंटली बंद पडल्या, मर्सिडीजही बंद पडली आणि पहिले दोन क्रमांक आले डब्ल्यू. ओ. यांच्या साध्या साडेसहा लिटरच्या गाड्यांचे. पहिली गाडी बार्नाटो स्वतः चालवत होता. त्या ‘ब्लोअर’ बेंटलीने एकही मोठी शर्यत जिंकली नाही. आज लिलावात मात्र सर्वांत चढी बोली तिच्यावर लागते.

१९३० च्या ऑक्टोबरमध्ये आठ लिटरची गाडी बाजारात आली. वॉल स्ट्रीट कोसळून वर्ष झाले होते. नुसत्या सांगाड्याची किंमत १,८५० पौंड. शंभर गाड्या झाल्या आणि १९३१ मध्ये कंपनी बुडाली. नेपियर कंपनी ती विकत घेणार, हे जवळजवळ ठरले होते. डब्ल्यू. ओ. तिच्यासाठी कामालाही लागले होते. ऐनवेळी ब्रिटिश सेंट्रल इक्विटेबल ट्रस्ट नावाच्या कोणा अनोळखी संस्थेने जास्त बोली लावली. या ट्रस्टच्या आड कोण आहे, हे काही दिवस खुद्द बेंटलींनाही कळले नव्हते. ती होती रोल्स-रॉईस. सवा लाख पौंडांत तिने कारखाना, नाव आणि करारानुसार माणूसही घेतला. ज्यांना एकेकाळी त्यांनी आपण होऊन पिस्टनचे गुपित दिले होते, त्यांच्याकडे ते आता गाड्या चालवून अभिप्राय देण्याच्या नोकरीवर होते. आरेखनाच्या फळ्याजवळ त्यांना कोणी जाऊ दिले नाही.

१९३५ मध्ये करार संपताच ते लागोंडा कंपनीत गेले. दोन वर्षांत जगातली उत्कृष्ट गाडी हवी, असा नव्या मालकाचा आग्रह होता. इथे त्यांच्या आयुष्यातले मला सर्वांत थोर वाटणारे पान येते. पन्नाशीला टेकलेल्या माणसाने आपला जुना १४० मिलिमीटरचा स्ट्रोक बाजूला ठेवला. नव्या इंजिनाला बारा सिलिंडर, व्यास ७५ आणि स्ट्रोक अवघा ८४.५. तेच साडेचार लिटर, पण मिनिटाला साडेपाच हजार फेरे आणि तरीही पिस्टनचा सरासरी वेग जुन्या तीन लिटरहून कमी! आखूड स्ट्रोकमुळे रॉडही आखूड चालले, इंजिन बुटके झाले, बॉनेट खाली आले. पेट्रोल सुधारले होते, बेअरिंगचे धातू सुधारले होते, रस्ते सुधारले होते. ज्या कारणांसाठी लांब स्ट्रोक निवडला, ती कारणेच उरली नव्हती. आपल्याच कीर्तीला चिकटून बसणारे कारागीर आपण पुष्कळ पाहतो. १९३९ मध्ये या लागोंडा गाड्या घाईघाईने तयार होऊन ल मान्सला गेल्या आणि तिसऱ्या-चौथ्या आल्या. पुढच्या वर्षी जिंकायचेच असा बेत होता. त्याआधी सप्टेंबरात युद्ध सुरू झाले.

युद्धाच्या काळात त्यांनी आणखी एक इंजिन आखले. सहा सिलिंडर, ७८ बाय ९०, अडीच लिटरहून थोडे जास्त. गाडीला लागोंडा-बेंटली हे नाव द्यायचे घाटत होते, तेव्हा रोल्स-रॉईसने कोर्टात हरकत घेतली आणि निकाल तिच्या बाजूने लागला. स्वतःच्या आडनावावर बेंटलींचा हक्क उरला नाही. १९४७ मध्ये लागोंडा कंपनी डेव्हिड ब्राऊन यांनी विकत घेतली, ती मुख्यतः या इंजिनासाठी. त्यांनी ते ॲस्टन मार्टिनच्या डीबी-२ या गाडीत बसवले. १९५० मध्ये ती ल मान्सला पाचवी आली, पुढच्या वर्षी तिसरी.

डब्ल्यू. ओ. तेव्हा निवृत्तीकडे झुकले होते. जुन्या बेंटली जपणाऱ्यांच्या क्लबचे ते आश्रयदाते झाले आणि मेळाव्यांना जाऊन, मालकांनी उत्साहाने उघडलेल्या बॉनेटखाली काहीसे संकोचाने डोकावत राहिले. १३ ऑगस्ट १९७१ रोजी, त्र्याऐंशीव्या वाढदिवसाला महिनाभर उरला असताना, ते वारले. मूलबाळ नव्हते. १९३१ पर्यंत त्यांच्या कारखान्यातून सुमारे तीन हजार गाड्या बाहेर पडल्या होत्या. त्यांतल्या कितीतरी अजून धावतात आणि त्यांच्या क्रँकशाफ्टचे माप आजही १४९ किंवा १४० हेच आहे.